ल्युबित्साबाईंचा सत्कार

जगदीशने शेवटची शाल ल्युबित्साबाईंच्या खांद्यावर घातली, नारळ हाती दिला आणि माइक पुन्हा तोंडाशी ओढला. बाईंच्या एका हातात व्हायोलिन, दुसऱ्यात नारळ. गज त्यांनी काखेत धरला.

स्लोव्हाकियाचा हा चेंबर ऑर्केस्ट्रा एका महोत्सवासाठी रियाधला आला होता. एका संध्याकाळपुरतं त्याला मराठी मंडळात आणायला जगदीशने फोन करकरून लोकांचा जीव नकोसा केला होता. मग ऑर्केस्ट्राची कारकीर्द सांगितल्याशिवाय त्याला राहवणार कसं? ऑर्केस्ट्रा कुठल्या शाळेच्या तळघरात सुरू झाला, कुठल्या देशांत गाजला, कोण कोणाचा शिष्य. मध्यंतर संपलं तरी गुऱ्हाळ चालूच. एरवी बँकेत मोजकं बोलणारा माणूस, पण माइक हाती आला की आवरायचा नाही.

पहिल्या रांगेतून विभावरीने डोळे वटारले. नवऱ्याचं लक्ष नाही म्हटल्यावर ती उठून मंचाजवळ आली.

"अहो, आवरा. बाईंचं राहतंय."

तालमीच्या वेळी बाईंनीच त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं. बोटं साथ देत नाहीत, आज त्या आयुष्यातलं शेवटचं वाजवणार होत्या. सगळ्यांत शेवटी, एकट्या. तेवढं सांभाळा, म्हणाल्या होत्या. "माझ्यावर सोडा," असं जगदीशने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं.

"फक्त आभार," तो आता पुटपुटला. आभारात एखादं नाव राहिलं तर वर्षभर रुसवे काढावे लागतात.

आभार झाले. ऑर्केस्ट्राने एक रचना वाजवली. मग बाई एकट्या पुढे आल्या, आणि सभागृह सांभाळणारा इमाद दारातून आत आला. त्याच्यामागे कार्यक्रमानंतर तिथेच होणाऱ्या लग्नाची माणसं ताटकळली होती.

"जगदीश भाई, खलास. टाइम खतम."

"एक ही आयटम है, इमाद भाई. पाँच मिनट."

"दो बार बोला आपको. दुल्हन गाड़ी में बैठी है. यल्ला, जल्दी."

मागून खुर्च्या हलवायला सुरुवातही झाली. बाईंनी हनुवटीखाली धरलेलं व्हायोलिन हळूच खाली घेतलं. कार्यक्रम संपला असं समजून लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला, आणि बाईंनी वाकून तो स्वीकारला. जगदीशला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

माफीचं वाक्य मनात जुळवत तो विंगेत गेला. बाई व्हायोलिनच्या पेटीचे खटके लावत होत्या.

"मॅडम, मी..."



"हो, फोटो! राहिलाच की," बाई म्हणाल्या.

त्यांनी सगळ्यांना हाका मारल्या. वादक पेट्या ठेवून भराभर आले, ज्याने त्याने आपापली शाल पुन्हा पांघरली आणि जगदीशला मधोमध उभं केलं. बाईंनी त्याची कॉलर नीट केली.

विभावरीने मोबाइल धरला, खाली घेतला, पुन्हा धरला. जगदीशची मान काही वर येईना.

"वर बघा," ती म्हणाली. "अजून किती थांबायचं त्यांनी?"