पायसचं विमान

हातोड्याचा एकच घाव बसला आणि चौदाव्या विमानाचा पंख उडून विहिरीच्या काठावर पडला. गुन्हा काय, तर पंखाखाली रंगाचा तांदळाएवढा ओघळ.

"मेल्या, कोण बघतलो तो ओघळ?" कुंपणापलीकडून गंगाराम ओरडला.

"पायस बघतलो!" प्लासिद गरजला.

पायस त्याचा धाकटा भाऊ. हवाई दलात विमानं रंगवायचा. सुट्टीवर आला की थोरल्याने ब्रशाने रंगवलेल्या होड्यांवरचे ओघळ बोटाने दाखवून हसायचा. गेल्या वर्षी, त्र्याऐंशीत, तो तिकडेच अपघातात गेला. उद्या चर्चमध्ये वर्षाची मिस्सा. त्याच्या क्रुसापाशी फणसाच्या लाकडाचं विमान ठेवायचं होतं, आणि दुबईहून आणवलेल्या रुपेरी रंगाच्या फवाऱ्याचा शेवटचा डबा उरला होता.

पंधरावं विमान. प्लासिदने डबा कोमट पाण्यात धरला, आतली गोळी खडखडेपर्यंत हलवला आणि वीतभर अंतरावरून पहिला पातळ हात दिला. तेवढ्यात गंगारामने काजू भाजायला घेतले. धुराची काजळी विमानाकडे येताना दिसली, तसा प्लासिद कुंपणावरून उडाला. गंगारामचा दात जो उडाला तो समोरच्या माडात रुतला. अजून तिथेच आहे म्हणतात. गंगारामनेही कलथ्याने त्याची भुवई फोडली. चूल मात्र विझली.

रक्त पुशीत प्लासिदने आणखी चार हात दिले, प्रत्येक हात सुकू देत. फवारा पंखाबाहेर सुरू करायचा, पंखाबाहेरच थांबवायचा. उन्हं कलताना विमानात माडाची झावळी दिसू लागली. तो हात धुवायला विहिरीवर गेला.

परतला तर मोतीबिंदूने आंधळी झालेली त्याची आई, ईडा, ओल्या पंखावर पाची बोटं टेकून उभी.

प्लासिदने हातोडा उचलला.

"पायस दाढी करून इलो काय त्याचो गाल असोच लागायचो रे," ती म्हणाली.

हातोडा खाली आला तो डब्यावर. डबा सुरुंगासारखा फुटला. केळ, विहीर, प्लासिदची फुटलेली भुवई, सगळं रुपेरी झालं. कोंबडा तर असा माखला, की आठवडाभर कोंबड्या त्याला ओळखेनात.

"काय फुटला रे?"

"काय नाय, माय."

आता खुणा बुजवायला थेंबभर रंग उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी क्रुसापाशी गंगाराम मेणबत्ती घेऊन आला. वाकून त्याने पंख न्याहाळला. पाच बोटांच्या ठशांवर त्याची नजर थबकली.

"ओघळ एकय नाय हां," पडलेल्या दाताच्या फटीतून तो म्हणाला, आणि मेणबत्ती पंखापासून जरा लांब लावली.