प्लास्टरच्या जबड्याचे चौदा किडे

निफाडजवळच्या त्या गावात सकाळपासून पाराभोवती जत्रा भरली होती. गाल सुजलेले, गाल धरलेले आणि नुसतेच बघे. मधोमध धुरीबाबा. समोर पाण्याने भरलेली परात, परातीत वीट, विटेवर लालभडक तापलेला लोखंडी पत्रा. बाबा त्यावर चिमूटभर बिया टाकत, बुडाला भोक पाडलेलं मडकं वर पालथं घालत आणि भोकातली नळी रोग्याच्या तोंडात देत.

"ओढ धूर! दाढेत नर हाय, मादी हाय, अख्खं गोकुळ नांदतंय! निघ भवाने, सोड घर!"

आत तडतड होई. मडकं उचललं की पाण्यात पांढुरके, वळलेले किडे तरंगत. बघ्यांचे हात आपोआप जोडले जात.

तिकडे शाळेच्या व्हरांड्यात निकिता माश्या मारत होती. नाशिकच्या दंत महाविद्यालयातली ही शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी दातांच्या किडीचा अभ्यास करायला आली होती, आणि आत्याचं गाव म्हणून तिने हेच गाव हट्टाने मागून घेतलं होतं. जो येई तो ऐटीत सांगे, "लिहा ताई, आमचे अकरा निघाले. तोंड साफ हाय." तोंडात आरसा घातला की दाढेला तेच जुनं भगदाड. आणि गावच्या जीपवाल्या पुंजाकाकांचे बत्तीसच्या बत्तीस दात ठणठणीत, तरी त्यांचेही अकराच निघालेले!

तिला हसू आलं असतं, पण मैनाआत्याची सूज आता जबड्याखाली उतरली होती. अंगात ताप होता, तोंड जेमतेम उघडत होतं.

"आत्या, आत पू झालाय. सूज गळ्यात गेली तर श्वास कोंडेल. आत्ताच नाशिकला चल."

"बाबा म्हनले, मादी आत राह्यलीय. अजून दोन धुऱ्या. तू आधी डॉक्टर तर हो, निके."

निकिता भडकली आणि घाबरलीही. मग तिला कॉलेजातल्या सरांनी घोकून घेतलेलं वाक्य आठवलं: ज्याला रोगच नाही, त्यालाही तीच परीक्षा लावून बघा. ती शेजारच्या लंकाबाईंकडे गेली. वय पंचाहत्तर, तोंडात वरखाली कवळी.

"आजी, दाढ दुखल्याचं सोंग कराल?"

"सोंगं करण्यातच हयात गेली माझी. चल!"

नळी ओढून लंकाबाई खोकल्या. पाण्यात नऊ किडे.

"पार पोखरल्या होत्या दाढा आजीच्या!" बाबा गरजले.

लंकाबाईंनी शांतपणे कवळी काढली आणि बाबांच्या तळहातावर ठेवली. "कोंती दाढ, म्हाराज? बोट लावून दावा."

अख्खा पार हसला. बाबा चाचरले. "किडे हिरडीत होते!"

"मग याच्या हिरडीतलेही काढा." निकिताने पिशवीतून शिकवायचा प्लास्टरचा जबडा काढला आणि नळी त्याच्या दातांत अडकवली. बाबांनी लगेच सांगितलं, बिया संपल्या. पण पुंजाकाकांनीच बाबांच्या पोटलीतली चिमूट उचलून पत्र्यावर टाकली. मडकं उचललं, तर चौदा किडे!

"पत्रा बघा," निकिता म्हणाली. वर फुटलेली टरफलं होती. एका बीत पांढरा किडा अर्धाच बाहेर आलेला. "ही रिंगणीच्या काटेरी झुडपाची बी. तापली की फुटते, आतला कोंब उडून पाण्यात पडतो. नळीतून किडा खाली उतरताना कुणी पाहिलाय? दात किडतो तो डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूंनी. धुराने ते जात नाहीत, आणि आतला पू तर वाढतच जातो."

बाबांनी परात तिथेच सोडून वाट धरली. पुंजाकाकांनी जीप काढली. धुरीच्या रांगेतली आत्या गाल धरून आत बसली.

नाशिकला पू काढला, दाढ काढली. आणखी एक दिवस गेला असता तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले. तिसऱ्या दिवशी पेज पिताना आत्या फणकारली, "इतकं साधं होतं, तर मला आधी का नाय सांगितलं?"

निकिताने कपाळावर हात मारला आणि रडता रडता हसत सुटली.

बाबा आता दुसऱ्या गावात परात मांडून बसले असतील. तुमच्या पारावर आले, तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा: महाराज, हेच किडे माझ्या तोंडाशिवाय निघतील का? आणि दाढ ठणकत असेल, तर उत्तराची वाट बघू नका, दवाखाना गाठा.