ओरखडा नसलेलं कुलूप

“विचारतील तेवढंच बोलायचं. आपणहून एक शब्दही नाही.”

वकिलांचं हे सांगणं तिनं तीन वर्षं गाठीशी बांधून ठेवलं होतं. आज नवऱ्याच्या अपिलाच्या निकालाला तर तिला कुणी काही विचारलंच नाही.

न्यायाधीश एकसुरात वाचत होते. गोदामात शिरताना आरोपीला कुणी पाहिलेलं नाही. चोरीचा माल त्याच्याकडे सापडलेला नाही. कुलपावर ओरखडा नाही, एवढ्यावरून ते किल्ल्या बनवणाऱ्या आरोपीनंच उघडलं असं म्हणता येत नाही. गोदामाची किल्ली पहारेकऱ्याकडे होतीच. पुरावा अपुरा. शिक्षा रद्द.

मागच्या बाकावर म्हाताऱ्या पहारेकऱ्यानं मान खाली घातली. नोकरी गेली तेव्हा तो तिच्या दारी आला होता.

“ताई, भांडायला नाही आलो. पुढेमागे काही कळलं, तर तेवढं मला सांगाल? लेकीच्या सासरीसुद्धा चोर म्हणतात.”

“सांगेन,” ती म्हणाली होती.

चार दिवसांनी नवरा सुटून घरी आला. जेवला, भिंतीला टेकून बसला. मग त्याचं लक्ष कपाटाकडे गेलं.

“हे बंद का?”

“किल्ली हरवली. किल्लीवाल्याच्या घरी दुसरा किल्लीवाला बोलावू? लोक काय म्हणतील?”

तो हसला. उठून तारेनं जरा चाचपलं, कुलूप उघडलं. मग तेलाची बाटली शोधून त्यानं भोकात दोन थेंब सोडले आणि बोटानं पुसले.

“आता हे कशाला?”

“उघडलं की तेल द्यायचं. बिचाऱ्यावर जोर केलेला असतो.”

कपड्यांच्या घड्या घालता घालता तिचा हात थांबला. खटल्यात टेबलावर ठेवलेलं गोदामाचं कुलूप अंगभर गंजलेलं होतं. भोकापाशी तेवढं काळं, तुकतुकीत. सगळे ओरखडे शोधत होते. तिला तेव्हाच दिसलं होतं. ते तेल कुणी घातलं, हे आजवर तिनं स्वतःलाही विचारलं नव्हतं.

“त्यालाही दिलं होतंत?”

तो बाटलीचं घट्ट बसलेलं झाकण आणखी पिळत राहिला.

“दमलोय गं.”

“मीही.”

तिनं पाण्याचा तांब्या त्याच्याजवळ सरकवला, चपला घातल्या.

“आता कुठे निघालीस?”

“पहारेकरीकाकांकडे. शब्द दिलाय.”

तो उठला नाही. दार तिनं नुसतंच लोटून घेतलं.