गल्लीच्या टोकाचा नळ

मी नळ बोलतोय. सोलापुरातल्या एका गल्लीच्या अगदी टोकाचा. माझ्यापाशी पाइप संपतो आणि उघडं गटार सुरू होतं.

मला बसवलं तेव्हा नारळ फोडला, हळदकुंकू लावलं. आता चार दिवसांआड पाणी सुटतं, पण माझ्यापर्यंत पोचतच नाही. कारण पाणी ओढायला वर चढावर राहणाऱ्या महेश्वरकाकांनी थेट पाइपलाच मोटार जोडली. मग शेजाऱ्याला कमी पडलं, त्यानंही जोडली. मग त्याच्या शेजाऱ्यानं. आता वरच्या प्रत्येक घराला मोटार आहे आणि कुणालाच पाणी पुरत नाही.

हेच काका गणपतीत माईक धरून सांगतात, "पोरांनो, माणूसजात टिकली ती एकीनं!" थोरामोठ्यांचं हे असंच. माईक खाली ठेवला की एकी संपली.

माझ्यासमोर अपेक्षा राहते. नवरा चिंचोळीला कारखान्यात, पदरात तान्हं बाळ. पाण्याच्या दर पाळीला ती घागर मांडून बसते आणि मी नुसती हवा सोडतो. फुस्स. लाज वाटते.

माझ्या तोटीला जरा ओल असली की एक मुंगी येते. एकटी पीत बसत नाही. मागं फिरते, सगळ्यांना घेऊन येते. तिला कुणी भाषण दिलेलं नाही.

गेल्या पाळीला पाणी सुटलं आणि लाइट गेली. मोटारी गप्प. आणि मी खळाळलो! टोकाच्या सगळ्या घरांतली भांडी भरली. वर बारीक धार होती, पण काकांचं घर चढावर, तिथं थेंब नाही. काका घागर घेऊन खाली आले.

शेजारची तानाबाई म्हणाली, "का ओ काका, मोटार आज उपाशी व्हय?"

बाया हसल्या. खरं सांगतो, काकांच्या घागरीपुरतं मला आटावंसं वाटलं. पण अपेक्षानं स्वतःची बादली बाजूला केली.

"भरा काका. काकूंना पाणी लागतंच की. पण मोटार काढा. तुमच्या घागरी आमी चढावर पोचवतो."

"बघू," म्हणून काका भरली घागर घेऊन गेले.

उद्या पाळी आहे. मोटार अजून पाइपलाच आहे. अपेक्षानं आत्तापासूनच घागर माझ्याखाली आणून ठेवलीय.

काका, तिनं भरू दिलेलं पाणी तुमच्या घरात अजून असेल. त्यातलं पेलाभर प्या, आणि मग मोटारीच्या बटणाला हात लावून दाखवा.