निबंधातले अब्बा

मे महिन्याच्या त्या उकाड्यात आरजू अब्बांना लांब बाह्यांचा सदरा घालत होती. मनगटाची गुंडी लागली तरच वळ झाकणार होते, आणि अब्बा नेमकी तीच गुंडी सोडवत होते.

"अब्बा, ऱ्हाऊ द्या ना तेवढी. पुण्याच्या मॅडम येतायत."

"कापडं शिवायचीत व्हय त्यांना?" असं विचारून लियाकत टेलरांनी पुन्हा गुंडीला नख लावलं.

भोरच्या एसटी स्टँडसमोर या माणसाने चाळीस वर्षं मशीन चालवलं. पार वेल्ह्याकडची पोरं गणवेश शिवायला त्यांच्याकडे यायची. अब्बा प्रत्येक पँटच्या दुमडीत चार बोटं कापड जादा सोडायचे. पोर वाढलं की जूनमध्ये दुमड उसवायची आणि पँट लांब करायची. आता लेकीचं नावही आठवत नव्हतं, पण बोटं काही विसरली नव्हती. गोधडी म्हणू नका, पडदा म्हणू नका, हाताला लागेल ते उसवत बसायचे.

आरजू भोरलाच एका दवाखान्यात नर्स. वयाच्या चाळिशीत तिने स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्यांच्या शुश्रूषेचा पदव्युत्तर डिप्लोमा करायचं मनावर घेतलं आणि दर रविवारी सकाळच्या एसटीने पुणं गाठू लागली. आजार नंतर बघा, आधी माणूस बघा, असं तिथे शिकवत. तिने शेवटचा निबंध अब्बांवरच लिहिला. उसवणं हे त्यांचं वेड नाही, ती त्यांची कारागिरी आहे. म्हणून मी त्यांना जुने कपडे देते आणि शेजारी बसून राहते, असं त्यात होतं. मैथिली मॅडमनी तो भर वर्गात वाचून दाखवला. आरजू पहिली आली.

खरं तर जुने कपडे तिने एकदाच दिले होते. अब्बांनी ते तासाभरात संपवले आणि खुंटीवरच्या तिच्या युनिफॉर्मला हात घातला. निबंधाची तारीख डोक्यावर आलेली. तिचं डोकंच फिरलं. तिने ओढणीने त्यांचे हात खाटेला बांधले आणि त्यांच्याकडे पाठ करून लिहायला बसली. तीन दुपारी तशाच गेल्या. कारागिरीबद्दलची ती सगळी गोड वाक्यं त्या तीन दुपारींतलीच. पुढे ड्युटीला जातानाही बांधायची सवय लागली. दुपारी शेजारच्या नूरजहाँचाची येऊन हात सोडायच्या, जेवू घालायच्या. आरजूला स्वतःची किळस यायची, आणि तरी रोज गाठ मारली जायची.

मॅडम आल्या. चहाचा कप हातात घेऊन प्रेमाने म्हणाल्या, "आरजू, पुढच्या बॅचपासून आम्ही तुमचा निबंध शिकवायला घेतोय. म्हटलं, एकदा डोळ्यांनी बघावं. तुम्ही रोज करता तसंच करा, मी नुसती बसते."

आरजूने पेटीतून एक जुनी शाळेची पँट काढली आणि उसनं हसू आणून ती खाटेजवळ गेली.

"अब्बा, हे बघा, तुमचं काम."

अब्बांनी पँटकडे पाहिलंच नाही. ते तिच्या तोंडाकडे पाहत राहिले. मग सवयीने खाटेच्या उशाकडे सरकले, दोन्ही मनगटं एकमेकांना लावली आणि तिच्यापुढे धरली. गुंड्या सुटलेल्या बाह्या कोपरापर्यंत मागे गेल्या आणि वळ उघडे पडले.

"बांध, पोरी," ते समजुतीने म्हणाले. "तुला लिवायचं आसंल."

मॅडमनी कप खाली ठेवला.

"मॅडम," आरजू कशीबशी म्हणाली, "तो निबंध शिकवू नका. त्यातली लेक मी न्हाई."

तिला मान वर करवेना. अब्बा मात्र तसेच हात पुढे धरून बसले होते. तिला वेळ लागतोय असं पाहून त्यांनी ते आणखी थोडे जवळ आणले.