मोतीरामचा आवाज फुटला तेव्हा

मित्रांनो, वडनेरच्या मारुतीच्या देवळात खिडकीखाली बाजाची एक जुनी पेटी दिसते ना, ती मी. माझे बरेच सूर आता बसले आहेत आणि पांढऱ्या पट्ट्या पिवळ्या पडल्या आहेत.

माझा जन्म नागपूरचा. तेव्हा आपला वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता. सागवानी अंग, पितळी सूर आणि मऊ कातड्याचा भाता घेऊन मी रेल्वेने नांदुऱ्याला उतरले आणि बैलगाडीने गावात आले. भजनी मंडळीत शेषराव मला वाजवत आणि त्यांचा पुतण्या मोतीराम गाई. त्याचा आवाज उंच आणि इतका स्वच्छ, की शेजारच्या गावांतले लोक ऐकायला येत. त्याच्याबरोबर माझेही कौतुक होई.

मोतीराम चौदा वर्षांचा झाला आणि त्याचा आवाज फुटला. गोकुळाष्टमीला भर भजनात त्याचा गळा चिरकला. पोरे हसली. तो अभंग अर्धाच टाकून निघून गेला.

त्यानंतर तो बोलेनासाच झाला. त्याची आई अन्नपूर्णाबाई एकदा देवळात आली आणि शेषरावांना म्हणाली, "भाऊजी, पोरगं ज्वारी राखाले जाते, पन पाखरायले हाकारत नाही. नुसत्या टाळ्या वाजवते. डोक्यावर हात ठेवला तं झटकून टाकते."

पुढच्या एकादशीला मंडळींनी दुसऱ्या मुलाला गायला बसवले. दुसऱ्या दिवशी दुपारी मोतीराम एकटाच देवळात आला. त्याने माझ्याकडे पाहिले आणि सगळा राग एका लाथेत काढला. माझा भाता टरकन फाटला. त्या आवाजाने तोच दचकला. मग माझ्यावर डोके ठेवून रडू लागला.

शेषराव दारात उभे होते. ते जवळ येऊन बसले, पण रागावले नाहीत.

"काऊन बे मोत्या?"

"काका, माह्या गळ्यात दोन जनं बसले हायेत. त्यातला माहा कोनता, मलेच कयत नाही."

शेषरावांनी माझ्या फाटलेल्या भात्यावरून हात फिरवला. "माहाही आवाज असाच फुटला होता. लोक हसले, अन् मी गानं सोडून पेटी धरली. तुले नाही सोडू देनार."

दोघांनी मिळून माझ्या भात्याला कातड्याचे ठिगळ चिकटवले. मग रोज दुपारी शेषराव मला खालच्या पट्टीत वाजवू लागले. "गाऊ नको, नुसतं गुनगुन," ते म्हणत. कधी मोतीराम चिडून उठून जाई. शेषराव त्याला हाक मारत नसत, वाजवत राहत. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा येई.

वर्षभराने तो मंडळीत गायला बसला. आवाज जाड झाला होता, पहिल्यासारखा गोड नव्हता. मध्येच पुन्हा चिरकला. पोरे हसली. मोतीराम थांबला, स्वतःही थोडा हसला आणि तीच ओळ पुन्हा धरून अभंग शेवटपर्यंत गायला. अन्नपूर्णाबाईने पदराने डोळे टिपले.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ कधीतरी पुसा, भात्याला उंदरांपासून जपा. आणि तुमच्या सोबत्याचा आवाज फुटू लागला, तो उगाच चिडू लागला, तर त्याला हसू नका. त्याच्यासाठी पट्टी थोडी खाली घ्या आणि त्याचा सूर लागेपर्यंत वाजवत राहा.