निम्मी कादंबरी आणि पिवळ्या साडीतली बाई

मी एक जुनी कादंबरी आहे, मित्रांनो, आणि तीही पुरी नाही, निम्मीच. माझा उरलेला भाग कुठे आहे, कुणाच्या हातात आहे, आणि त्यात काय काय घडून गेलं, याचा मला चाळीसेक वर्षं पत्ता नव्हता. ज्याला स्वतःचाच शेवट माहीत नाही, त्याचा स्वभाव कसा होईल ते तुम्हीच सांगा. माझा संशयी झाला. घरात पाहुणा आला की मला वाटतं, हा मला न्यायला आला. झुरळ जवळ आलं की वाटतं, हे भुकेनं आलंय की वाचायला? एकदा एक झुरळ नायक-नायिकेच्या पहिल्या भेटीच्या पानावर अख्खी दुपार बसून राहिलं आणि एक कोपराही न कुरतडता, मिशा पुसत निघून गेलं. खोटं वाटत असेल तर त्या झुरळाला विचारा.

माझा जन्म एका छापखान्यात झाला. त्या दिवशी कापायच्या यंत्राचं पातं बोथट होतं. माझी पुढची पानं नीट सुटली, पण मागच्या पानांच्या घड्या वरच्या कडेला जोडलेल्याच राहिल्या. म्हणजे वाचणाऱ्यानं एकेक घडी पट्टीनं फाडायची आणि मग पुढं जायचं. छापखान्यातल्या माणसानं मला उलटसुलट करून बघितलं, "जाऊ दे" म्हणाला आणि स्वस्तातल्या ढिगात टाकलं. तो ढीग फिरत फिरत निपाणीच्या बाजारात एका गोणपाटावर आला. माझ्या मुखपृष्ठावर स्कूटरवाला तरुण आणि छत्रीवाली मुलगी होती. दोघांच्याही डोळ्यांत एवढी स्वप्नं होती की स्कूटर कोण चालवतंय याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

मला दोन मुलींनी मिळून घेतलं. एक मंगल, तंबाखूच्या वखारीत हमाली करणाऱ्या जोतिबांची लेक. दुसरी त्रिशला, त्याच वखारीचे मालक आप्पाण्णा यांची मुलगी. एक मराठ्याची, एक जैनाची. पण वखारीमागच्या तंबाखूच्या पोत्यांवर बसल्या की दोघींची जात एकच, कादंबरीवाली. त्रिशलाच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवणं उरकत, त्यामुळे संध्याकाळी तिचे हात मोकळे. मंगलच्या घरी तोवर चूलही पेटलेली नसे, म्हणून ती दुपारची भाकरी घेऊन येई. त्रिशला मोठ्यानं वाची आणि मंगल खात ऐके. माझ्या बऱ्याच पानांवर ठेच्याची बोटं आहेत. नायक पहिल्यांदा "तुमचं नाव काय?" विचारतो तिथं तर अख्खा अंगठा आहे.

माझी गोष्ट सांगू का? रेवती नावाची टायपिस्ट, सुहास नावाचा हसरा डॉक्टर. त्याच्या स्कूटरनं तिच्या साडीवर चिखल उडतो, भांडण होतं, मग माफी, मग चहा. सगळं कसं गोड चाललेलं. आणि मग एके दिवशी बसस्टँडवर रेवतीला दिसतं की सुहास एका पिवळ्या साडीतल्या बाईची पिशवी हातात धरून उभा आहे, आणि हसतोय. रेवती खांबाआड होते. ती बाई वळते...

नेमक्या त्याच दिवशी जोतिबा सांगत आले, की बेळगावात उद्यमबागेच्या फौंड्रीत त्यांना काम लागलं. बिऱ्हाड हलणार.

पोत्यांवर बसून दोघी रडल्या. मग त्रिशलानं गोणी फाडायची सुरी आणली.

"मंगे, निम्मी तू ने, निम्मी मी ठेवते."

"आणि वाचायची कशी?"

"जत्रेला येशील न्हवं? तवा जोडून वाचू. तोवर कुणी शेवट बघायचा न्हाय. शपथ."

चिंचोका उडवला. पुढचा भाग मंगलला, मागचा त्रिशलाला. सुरी फिरली ती बरोब्बर वाक्याच्या मध्ये. माझं शेवटचं पान संपतं ते असं: "ती बाई वळली, आणि रेवतीला दिसलं की त्या". बस. पुढं काही नाही. त्या काय? त्या क्षणापासून मी संशयात आहे.

जत्रेला जाणं झालं नाही. त्या वर्षी भट्टीवर जोतिबांचा हात भाजला. पुढं दोन-तीन वर्षांत त्रिशलाचं लग्न झालं आणि ती चिकोडीकडच्या एका गावात, मोठ्या एकत्र घरात गेली. मंगलचंही झालं. भाड्याच्या खोल्या बदलत बदलत ती बेळगावजवळच्या पिरनवाडीत आली. मी तिच्या ट्रंकेत, साड्यांच्या घडीत.

मंगलनं आयुष्यभर हलक्याफुलक्या प्रेमकथा वाचल्या. लायब्ररीतून आणायची, दुपारी भांडी आवरली की भिंतीला टेकायची आणि दोन दिवसांत फडशा. भांडण, गैरसमज, पत्र हरवणं, ताप येणं, लग्न. हे सगळं झाल्याशिवाय तिला चैन नाही. पण त्या पुस्तकांचा शेवट गोड झाला की ती ट्रंक उघडायची, मला काढायची, माझं शेवटचं पान वाचायची आणि म्हणायची, "त्रिशीनं वाचून टाकली असणार. एकटीनं. मजेत."

हा संशय तिनं मला शिकवला की मी तिला, ते आता सांगता येणार नाही. एकदा बऱ्याच वर्षांपूर्वी बेळगावच्या कॅम्पातल्या एका दुकानासमोर तिनं त्रिशलाला लांबून बघितलं. नवऱ्याबरोबर होती, कशावर तरी खळखळून हसत होती. मंगलनं हाक मारली नाही. घरी येऊन मला म्हणाली, "शेवट वाचलेल्या बाईचं हसणं होतं ते. मला कळतं."

मलाही पटलं. मित्रांनो, संशयाला पुरावा लागत नाही, नुसता एक बसस्टँड पुरतो.

मंगलची सून माधवी फार शहाणी. सासूला ती आत्या म्हणते. तिनं एकदा मला वाचून बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "आत्या, ती पिवळ्या साडीवाली त्याची बहीण असणार. नेहमी बहीणच असते."

"बहिणीची पिशवी कुणी एवढं हसत धरतं व्हय? तुझ्या नवऱ्यानं धरली कधी?"

माधवीनं नवऱ्याकडे बघितलं. मंगलचा मुलगा स्वरूप जेवत होता, त्यानं ताटात मान घातली. पुढच्या रविवारी बहीण आली तेव्हा त्यानं तिची पिशवी धरली, पण हसला नाही. म्हणजे प्रश्न तिथंच राहिला.

आता मुख्य गोष्ट. गेल्या महिन्यात स्वरूपच्या कारखान्यात वृषभ नावाचा एक जण नवा लागला. डबा खाताना बोलणं निघालं, आजोबा निपाणीच्या वखारीत होते वगैरे. वृषभनं गावाकडं आईला फोनवर सांगितलं. आणि दुसऱ्या दिवशी त्याची आई, म्हणजे त्रिशला, गावाहून निघाली. एका दिवसाकरता येणार, दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं परत जाणार, असा निरोप आला.

मंगलचा चेहरा पडला. मी ट्रंकेतून बघत होते.

"चाळीस वर्षांनी कशाला येतीया?" ती माधवीला म्हणाली.

"मैत्रीण आहे तुमची. भेटायला येतायत."

"भेटायला न्हाय. निम्मी न्यायला येतीया. शेवट वाचला, आता सुरुवात पायजे तिला. सगळी आपल्याकडं ठेवायची."

"आत्या, ते पुस्तक कोण रद्दीवालापण घेणार नाही."

"त्येच! मग ती का घेतीया? काहीतरी हाय."

आणि तिनं मला ट्रंकेतून काढलं, बैठकीच्या गादीखाली घातलं आणि वर स्वतः बसली. मित्रांनो, पुढचं सगळं मी मंगलच्या वजनाखालून ऐकलंय. काही शब्द चेपलेले असतील तर समजून घ्या.

त्रिशला आली. आधी बराच वेळ दोघी एकमेकींचे केस, गुडघे आणि सुना यांवर बोलल्या. माधवीनं चहा आणला. मग त्रिशला म्हणाली, "मंगे, आपली कादंबरी हाय का गं तुझ्याकडं?"

"कुठली कादंबरी?" मंगल म्हणाली. तिच्या मांड्या घट्ट झाल्या, मी अजून थोडी चेपले.

"स्कूटरवाली. आपण कापलती ती."

"ती व्हय? ती कवाच गेली. घरं बदलताना कुठं ऱ्हातंय असलं काय."

माधवीनं कपबशा उगाच सरकवल्या. मला गादीखालून त्रिशलाचं तोंड दिसत नव्हतं, पण तिची पिशवी उघडायचा आवाज आला आणि लगेच बंद व्हायचा.

"असू दे," ती म्हणाली. "मला वाटलं, असंल. चल, येते मी. वृषभ खोलीवर वाट बघत असंल."

ती उठली. मला वाटलं, संपलं. उद्या सकाळी गाडी सुटणार आणि मी साड्यांच्या घडीतच म्हातारी होणार. आणि मंगलही, संशयासकट. पण माधवी मध्ये आली.

"मावशी, तुम्हाला कशाला पाहिजे होती? तुम्ही तर शेवट वाचलाय ना?"

"कुणी सांगितलं?"

"आत्या म्हणतात."

"मी? मी तर एक अक्षर वाचलं न्हाय, बाई." त्रिशला परत बसली. "मंगे, तू गेल्यावर चातुर्मास लागला. आई म्हणाली, बस्तीच्या देवळात मुनीमहाराजांपुढं काहीतरी नियम घे. कोण वांगं सोडतंय, कोण गोड. आईला माझ्या कादंबऱ्या सुटायला पाहिजे होत्या. मी म्हटलं, मंगल जवळ असल्याशिवाय कादंबरी वाचणार न्हाय. आई लई खूश, कारण तू बेळगावात. महाराजांनी आशीर्वाद दिला."

"मग? चार महिन्यांनी सुटलाच असंल."

"न्हाय ना! मुदत सांगायची असते. चार महिने, एक वर्ष, काहीतरी. मी सांगायची विसरले. मुदत न्हाय म्हणजे जन्मभर."

मंगल पहिल्यांदा हलली. "म्हणजे चाळीस वर्षं तू एक पण कादंबरी..."

"एक न्हाय. जावा वाचायच्या दुपारी, खिदळायच्या. मी ज्वारी निवडायची आणि कान द्यायची. तर त्या मेल्या मनात वाचायच्या."

"प्रायश्चित्त घेऊन सोडता येतो की नियम," माधवी म्हणाली.

"येतो. पण सोडला असता, तर हिच्याकडं यायला काय निमित्त उरलं असतं? तसं दोनदा आलते मी. उद्यमबाग एवढंच ठाऊक. फौंड्रीच्या गेटावर जोतिबाला बोलवा म्हटलं, तर चार-पाच जोतिबा बाहेर आले. एकही तुझा बाप न्हवता."

मंगल हसली नाही. तिचा आवाज बारीक झाला होता, पण त्यातला संशय काही गेला नव्हता. "खोटं बोलतीस. दाखव तुझी निम्मी."

पिशवी उघडली. मंगलनं माझा उरलेला भाग हातात घेतला आणि पोलिसासारखा तपासला. ठेच्याचं बोट? नाही. तेलाचा डाग? नाही. दुमडलेला कोपरा? नाही. मग तिनं वरच्या कडेवरून बोट फिरवलं आणि ते थांबलं. पानांच्या घड्या जोडलेल्याच होत्या. एकही फाडलेली नव्हती. घडी न फाडता आतलं वाचायला माणूस मुंगी असावा लागतो.

मंगलनं ते बोट पुन्हा एकदा कडेच्या टोकापर्यंत नेलं. मग म्हणाली, "त्रिशे, मला कॅम्पात दिसलीवतीस तू एकदा. हसत होतीस. मी हाक मारली न्हाय."

"का गं?"

"मला वाटलं, शेवट वाचून हसतीयास."

त्रिशलानं डोळ्याला पदर लावला आणि म्हणाली, "आमच्या ह्यांनी नवी चप्पल घेतली होती. दोन्ही डाव्या पायाच्या. त्येला हसत होते."

आणि मग मंगल उठली. उठताना गादी सरकली आणि मी उघडी पडले.

"कवाच गेलती न्हवं?" त्रिशला म्हणाली.

"गप बस," मंगल म्हणाली. "माधवी, पट्टी आण."

मला आणि माझ्या उरलेल्या भागाला शेजारी ठेवलं. ती निम्मी गोरीपान, कोरी. मी तंबाखूनं पिवळी आणि ठेच्यानं लाल. तिनं माझ्याकडे बघून नाक मुरडलं. खरं सांगते, मला ती माझीच वाटली नाही. मला वाटलं, ही कुठल्यातरी दुसऱ्या कादंबरीची असेल. पण त्रिशलानं मंगलच्या खांद्याला खांदा लावला, नियम पाळायला जवळ बसणं भाग होतं, आणि पट्टीनं पहिली घडी फाडून, पोत्यांवर वाचायची त्याच आवाजात वाचलं: "ती बाई वळली, आणि रेवतीला दिसलं की त्या पिशवीत एक मांजर होतं."

दोघी एवढ्या हसल्या की शेजारच्या घरातलं दूध उतू गेलं. बाई कोण ते अजून कळलंच नव्हतं!

"बहीणच," माधवी म्हणाली.

"तू गप. बहिणीचं मांजर कोण सांभाळतं?"

त्याला आता तीन आठवडे झाले. सकाळची ती गाडी गेली, तिच्यानंतरच्याही गेल्या. वृषभचा रोज फोन येतो, "आई, गावाला कधी सोडू?" आणि त्रिशला म्हणते, "थोडी पानं उरलीत." रोज दुपारी एकच घडी फाडतात. एका पानावर तासभर वाद घालतात. रेवतीनं पत्र का लिहिलं, सुहास एवढा का खोकला, मांजराला दूध कुणी दिलं. मला दाट संशय आहे, मित्रांनो, की दोघींना शेवट केव्हाच कळून चुकलाय आणि त्या मुद्दाम हळू वाचतायत. आणि आयुष्यात पहिल्यांदा हा संशय खरा निघावा असं मला वाटतं.

तुम्हाला एवढंच सांगते. तुमच्या कपाटात एखादं निम्मं, फाटकं पुस्तक असेल, तर फेकायच्या आधी जरा आठवा, उरलेलं निम्मं कुणाकडे आहे. आणि ते माणूस तुम्हाला रस्त्यात हसताना दिसलं, तर खांबाआड होऊ नका. हाक मारा.